सोयरिकीच्या वाटेनं: घराण्यात उतरणाऱ्या आजारांचा आढावा

अफजलपूर तालुक्यातल्या गावांची सोयरीक राज्याची हद्द पाहून जुळत नाही. भीमाकाठची ही गावं आज कलबुर्गी जिल्ह्यात मोडतात, पण इथल्या लेकी अक्कलकोटला, दक्षिण सोलापुरात, इंडीला दिलेल्या असतात आणि सुना आळंद, उमरगा या बाजूनं आलेल्या असतात. एके काळी इथं निजामाचा मुलूख, अक्कलकोट संस्थान आणि मुंबई इलाखा एकमेकांना लागून होते. सोयरिकी तेव्हाही त्या हद्दी ओलांडून होत होत्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, आजोबांच्या जुन्या कागदांवर उर्दू, असा हा मुलूख.

सोयरिकीबरोबर जनुकंही गावोगाव जातात, आणि क्वचित त्यांच्यासोबत आजार. एखाद्या घरातलं जन्मतः ऐकू न येणारं पोर सोलापूरच्या डॉक्टरांनी पाहिलेलं असतं. त्याच्या आतेबहिणीचं बाळ कलबुर्गीत दाखवलेलं असतं, आणि आजीच्या माहेरचा तिसरा कुणी हैदराबादेत. या तिन्ही ठिकाणचे कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. प्रत्येक दवाखान्याला एकेक सुटं मूल दिसतं, घराणं कुणालाच दिसत नाही. आनुवंशिक आजारांचा प्रश्न या पट्ट्यातून पाहिला तर मला सगळ्यांत मोठी अडचण हीच वाटते. नात्यातली लग्नं हा प्रश्नाचा मोठा भाग आहे, पण सगळा प्रश्न त्यात संपत नाही. घराण्यात काय घडलं याची माहिती दडवली जाते, विस्कळीत होते, आणि पुढच्या लग्नाच्या वेळी ती कुणाच्याच हाताशी नसते.

आधी आजार उतरतात कसे ते पाहू. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पुष्कळ आजार असे आहेत की एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते. त्या माणसाला काहीही होत नाही. तो फक्त वाहक असतो. थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात बहिरेपणाचे बरेच प्रकार, शरीरातल्या रसायनांची उलथापालथ होणारे कित्येक आजार या ‘सुप्त’ वर्गातले. नवरा आणि बायको दोघंही एकाच बिघडलेल्या जनुकाचे वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी असते की बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत मिळेल. बाळ आजारी पडतं आणि घरचे थक्क होतात, कारण आई धडधाकट, बाप धडधाकट, आजी-आजोबा नव्वदी गाठलेले.

‘चारांत एक’ या आकड्याचा अर्थ घरोघर चुकीचा लावला जातो. पहिलं मूल आजारी झालं, म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार, असा हिशोब लोक करतात. तसा नियम नाही. दुसऱ्या खेपेलाही शक्यता चारांत एकच, तिसऱ्या खेपेलाही तेवढीच. लागोपाठ तीन आजारी मुलं झालेली घरं आहेत आणि लागोपाठ चार निरोगी मुलं झालेली वाहक जोडपीही आहेत. या दुसऱ्या जोडप्यांना आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळत नाही, आणि ते जनुक मुलांबरोबर पुढं चालत राहतं.

न दिसता चालत राहणाऱ्या वारशाचं एक उदाहरण आपल्या मुंबईनं जगाला दिलं आहे. १९५२ साली भेंडे, देशपांडे आणि भाटिया या मुंबईतल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्याच रक्तगटाची नोंद केली. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण या माणसांना ‘ओ’ रक्तसुद्धा चालत नाही, कारण इतर सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर असणारा ‘एच’ घटक यांच्याकडे नसतो. ‘बॉम्बे’ रक्तगट हेच नाव जगभर रुळलं. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला आढळतो. तो आजार नव्हे, पण उतरण्याची रीत अगदी तीच: आई आणि वडील दोघांकडून ‘एच’ नसलेली प्रत यावी लागते. त्यामुळं एका भावंडाचा हा गट निघाला की बाकीच्या सख्ख्या भावंडांची तपासणी ताबडतोब करायची असते. रक्तपेढीत काम करणाऱ्यांना हे पाठ असतं. हीच सवय आजारांच्या बाबतीत लागायला हवी होती.

आता नात्यातल्या लग्नांकडे येऊ. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क ही समजूत सीमाभागातल्या मराठी घरांत आजही ऐकू येते. कन्नड आणि तेलुगू घरांत तर मामानं सख्ख्या भाचीशी लग्न करण्याचीही रीत आहे. सोलापुरातल्या तेलुगू विणकर समाजालाही ती नवी नाही. बौधायन धर्मसूत्रानं मामाच्या मुलीशी लग्न हा दक्षिणेकडचा वेगळा आचार म्हणून नोंदवला आहे, म्हणजे रीत किमान दोन हजार वर्षं जुनी. अर्जुनाची सुभद्रा ही त्याच्या मामाचीच, वसुदेवाची मुलगी. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या मधला प्रदेश म्हणून महाराष्ट्राकडे पाहिलं होतं. अफजलपूर त्या मधल्या प्रदेशाच्याही शिवेवर आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं जवळच्या नात्यातली लग्नं निषिद्ध ठरवली, पण दोन्ही पक्षांच्या रूढीनं मान्यता असेल तर ती वैध ठेवली. दख्खनमध्ये या अपवादातच हजारो संसार उभे आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशभरातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ११ टक्के स्त्रियांचं लग्न रक्ताच्या नात्यात झालेलं आढळलं. कर्नाटकात हेच प्रमाण २७ टक्के होतं. तामिळनाडू तेवढा त्याच्या किंचित पुढं. म्हणजे कर्नाटकात चारांतल्या एकीहून अधिक. १९८० च्या दशकात बंगळूर आणि म्हैसूरच्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांच्या आईवडिलांची माहिती राधा रमादेवी, एन. अप्पाजी राव आणि ॲलन बिटल्स या संशोधकांनी गोळा केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जोडपी नात्यातली निघाली, आणि त्यांत मामा-भाचीची लग्नं सर्वांत जास्त होती.

या जोडप्यांच्या मुलांना धोका किती? मामा आणि भाची यांची सरासरी एक चतुर्थांश जनुकं समान असतात. आतेभाऊ आणि मामेबहीण यांची एक अष्टमांश. सामायिक आजीकडून किंवा आजोबांकडून एखादं बिघडलेलं जनुक आलं असेल तर ते दोघांकडेही असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा कितीतरी जास्त असते. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन ते तीन टक्के धरली जाते. आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. मामा-भाचीच्या लग्नात भर याहून जास्त. म्हणजे आते-मामे भावंडांच्या शंभर बाळांपैकी साधारण ९४-९५ बाळांना असा काही त्रास नसतो. हे स्पष्टपणं सांगणं मला आवश्यक वाटतं. कारण गावातल्या लोकांनी डोळ्यांसमोर अशी शेकडो सुखी घरं पाहिलेली असतात, आणि व्यासपीठावरून कुणी ‘नात्यात लग्न म्हणजे अपंग मूल’ असं ठणकावलं की ते बोलणाऱ्यावरचा विश्वासच काढून घेतात. धोका खरा आहे, पण तो सगळ्या घरांत सारखा नाही. ज्या घराण्यात आजार आधीच दिसलेला आहे तिथं तो कित्येक पटींनी वाढतो, आणि ज्या घरांत तीन-तीन पिढ्या मामाकडचीच सून आली आहे तिथं नवरा-बायकोचं नातं कागदावर दिसतं त्याहून बरंच जवळचं असतं.

ही लग्नं होतात त्यामागं अडाणीपणा आहे असंही समजू नये. तुरीच्या या कोरडवाहू मुलखात जमीन घरात राहते, हुंड्याचा बोजा कमी होतो, आणि लेक ज्या घरात जाते तिथली सासू तिची आत्या किंवा आजी असते. नवी सून म्हणून तिचा छळ होण्याची भीती कमी वाटते. आईच्या मनाला ही खात्री मोठी असते. तिला तुच्छ लेखून कुणी काही शिकवू शकणार नाही.

एक गैरसमज मात्र खोडून काढायलाच हवा, तो गोत्राचा. ‘आमचं देवक वेगळं, कुळी वेगळी, मग नातं कसलं?’ हा युक्तिवाद सुशिक्षित घरांतही होतो. देवक, कुळी, गोत्र हे सगळं बापाकडून मोजलं जातं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, पण तिची आणि माझी आजी एकच असते. दहा पिढ्यांपूर्वी एक मूळपुरुष असलेल्या सगोत्र अनोळखी मुलीशी जनुकांचं नातं जवळजवळ शून्य झालेलं असतं. मामेबहिणीशी ते एक अष्टमांश असतं. रूढी पहिलीला नाकारते आणि दुसरीला पसंत करते. जनुकांना गोत्र ठाऊक नसतं. तोच प्रकार पत्रिकेतल्या नाडीचा. ‘एकनाडी’ म्हणजे दोघांचा रक्तगट एक, आणि रक्तगट एक असला की मुलं अपंग होतात, हे मी कितीतरी ठिकाणी ऐकलं आहे. नवरा-बायकोचा एबीओ रक्तगट सारखा असण्यानं बाळाला कोणताही आनुवंशिक आजार होत नाही. बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात काळजी घ्यावी लागते; तो विषय वेगळा, आणि त्यावर इंजेक्शन आहे.

आणखी एक युक्तिवाद जास्त गंभीर आहे, कारण तो शास्त्रज्ञांनीच मांडला होता. हजारो वर्षं नात्यात लग्नं होत आली असतील तर वाईट जनुकं असलेली मुलं त्या त्या पिढीत दगावत गेली असतील, आणि दक्षिणेतल्या समाजांतून ती जनुकं आता बरीचशी गाळली गेली असतील, असा हा तर्क. मुंबईचे मानववंश-जनुकशास्त्रज्ञ एल. डी. संघवी यांनी १९६६ साली भारतातल्या नात्यांतर्गत विवाहांचा आढावा घेताना या शक्यतेची चर्चा केली. १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनाही या प्रश्नाची ओढ होती. त्यांच्या प्रेरणेनं आंध्रातल्या नात्यातल्या लग्नांचा अभ्यास झाला. पण पुढच्या काळात कर्नाटकातल्या बाळांच्या तपासण्यांतून आणि बालमृत्यूंच्या नोंदींतून दिसलं की सुप्त आजार अजून आहेतच, आणि नात्यातल्या जोडप्यांच्या मुलांत ते अधिक आहेत. गाळणी पूर्ण झालेली नाही. झाली असती, तरी ती गाळणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुरलेली मुलं, हे विसरता येत नाही.

नात्यात लग्न न करणाऱ्या घरांनी यातून सुटलो असं मानू नये. आपल्याकडे जात हेच एक मोठं घराणं आहे. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या समान दर्जाच्या आठ गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. पुढं मल्होत्रांनी धनगरांमधले वीसहून अधिक पोटगट अभ्यासले, जे एकमेकांशी सोयरीक करत नाहीत. बाहेरून एक दिसणारा समाज आतून असा छोट्या छोट्या कोंडलेल्या तळ्यांत वाटलेला. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राईख यांच्या गटानं दक्षिण आशियातल्या २६३ समूहांची जनुकं तपासली. त्यांतल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाल्या. या दोन्ही लोकसमूहांत विशिष्ट आनुवंशिक आजार जास्त असल्याचं जगाला माहीत आहे आणि त्यावर प्रचंड काम झालं आहे. आपल्या ८१ समूहांवर जवळजवळ काहीच झालेलं नाही. आर्य वैश्य समाजाचं उदाहरण या अभ्यासात आहे: भूल देताना वापरलं जाणारं एक औषध शरीरात विरघळवणारं विकर या समाजातल्या काही जणांत नसतं, आणि हा दोष त्यांच्यात इतरांपेक्षा शंभरपट आढळतो. हैदराबादकडचे भूलतज्ज्ञ म्हणूनच शस्त्रक्रियेआधी जात विचारतात. जात विचारण्याचं रुग्णाच्या हिताचं असं एखादंच कारण असेल.

आजार उतरण्याची दुसरी वाट याहून वेगळी आहे. कर्नाटकातच शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हंदिगोडू नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या गरीब शेतमजूर कुटुंबांत सांधे आणि हाडं वाकडी करणारा, माणसाला अक्षरशः रांगायला लावणारा आजार लक्षात आला. आधी संशय कीटकनाशकांवर आणि भाताच्या खाचरांतल्या खेकड्यांवर गेला. पुढं वंशावळी मांडल्यावर तो घराण्यातून उतरतो हे कळलं, आणि त्याची रीत वर सांगितलेल्या सुप्त प्रकारची नव्हती. आईबापांपैकी एकाकडून एकच बिघडलेली प्रत आली तरी पुरते, आणि प्रत्येक मुलाला धोका निम्मा असतो. हंटिंग्टन रोग या जातीचा. तो चाळिशीच्या आसपास प्रकट होतो, तोवर माणसाची मुलं जन्मलेली असतात. अशा आजारात नात्यातल्या लग्नाचा संबंध नसतो. परक्या घरची सून आणूनही तो टळत नाही.

तिसरी वाट आईच्या ‘एक्स’ गुणसूत्राची. हिमोफिलिया, स्नायू झिजत जाणारा डुशेन आजार, जी-६-पीडी विकराची कमतरता हे मुख्यतः मुलग्यांना होतात आणि बहुतेक वेळा आईकडून येतात. आई स्वतः ठणठणीत असते. तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी शक्यता. हिमोफिलिया असलेल्या बापाचे मुलगे मोकळे असतात, पण त्याची प्रत्येक मुलगी वाहक असते. या वर्गातल्या आजारांनी आपल्याकडच्या बायकांचे जे हाल केले आहेत ते लिहिताना मन घट्ट करावं लागतं. ‘हिच्या माहेरचं रक्तच खराब’ म्हणून सोडून दिलेल्या सुना आहेत. त्या घरांना कुणी सांगितलेलं नसतं की डुशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्यानं झालेला असतो, आईकडं तो नसतोच. आणि सुप्त आजारांत तर बाप तितकाच वाहक असतो. तिथं सुनेला दोष देणारी सासू सूनमुखाच्या कितीतरी आधीच आपल्या मुलाला ते जनुक देऊन बसलेली असू शकते.

जन्मतः दिसणारं सगळंच वंशातून आलेलं नसतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. डाऊन सिंड्रोम बहुतांशी बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकल्यानं होतो आणि आईच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. घराण्यातून उतरणारा प्रकार अगदी थोड्या टक्क्यांत असतो. बुटकेपणाच्या एका ठळक प्रकारातली बहुतेक मुलं साध्या उंचीच्या आईबापांची असतात. जन्मताना गुदमरल्यानं झालेला मेंदूचा पक्षाघात आनुवंशिक नाही. मधुमेह, हृदयविकार घराण्यात असतात, पण ते अनेक जनुकांचे आणि खाण्यापिण्याचे मिळून झालेले असतात.

मग घराण्यात नेमकं काय आहे हे ओळखायचं कसं? जनुकतज्ज्ञ सर्वांत आधी सुई काढत नाही, कोरा कागद काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर ते काळं भरलेलं, लग्नाला रेघ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. तीन पिढ्या मांडल्या की आजार कोणत्या वाटेनं आला हे पुष्कळदा कागदावरच दिसतं. सीमाभागाला वंशावळ नवी नाही. हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून घराण्यांची नावं म्हणून दाखवत आले आहेत. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत शेकडो वर्षांची नावं आहेत. पण त्या वंशावळींत पोरगे असतात. लेक लग्न होऊन गेली की वहीतून जाते, आणि तान्हेपणी दगावलेलं बाळ तर तिथं आलेलंच नसतं. आजाराचा माग काढायला नेमकी हीच दोन माणसं हवी असतात. ती आठवतात आजीला, आत्याला, मावशीला. ‘थोरलीची दोन पोरं वर्षाच्या आत गेली, दोघंही फिट येऊन,’ एवढं एक वाक्य दहा हजारांच्या तपासणीची दिशा ठरवतं. आणि हेच वाक्य सोयरीक मोडेल या भीतीनं गिळलं जातं.

देवल गाणगापूर हे दत्तक्षेत्र याच अफजलपूर तालुक्यात आहे. भीमा-अमरजेच्या संगमावर फिट येणारी, चालता-बोलता न येणारी मुलं घेऊन दोन्ही राज्यांतली कुटुंबं येतात, मुक्काम करतात, माधुकरी मागतात. दारोदार फिरून थकलेल्या आईला तिथं धीर मिळतो, आणि तो तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. मला वाटतं ते एवढंच की ज्या गावात सीमेच्या दोन्ही बाजूंची घराणी आपणहून एकत्र येतात, तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा एक आनुवंशिक सल्लागार बसायला हवा. दत्तजयंतीला बसला तरी शेकडो घरांचे सुटे कागद एकत्र येतील.

बाकी व्यवस्था हळूहळू उभी राहते आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं त्याचं पथक जन्मजात दोष शोधतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये ‘उम्मीद’ हा उपक्रम सुरू केला. गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांच्या तपासणीसाठी त्यात महाराष्ट्रातल्या नंदुरबार, वाशीमबरोबर कलबुर्गीच्या शेजारचा यादगीर जिल्हाही घेतला गेला. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे. विदर्भ-नंदुरबारच्या आदिवासी भागात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्यांनी त्याआधी अनेक वर्षं हे काम केलं होतं. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणानुसार ठरावीक केंद्रांतून उपचारांसाठी मदत मिळते. अफजलपूरच्या माणसाला त्यांतली हैदराबादची सीडीएफडी-निम्स, मुंबईचं केईएम आणि बंगळूरचं मानवी जनुकशास्त्र केंद्र ही जवळची. जवळची म्हणायची, पण तिन्ही एका रात्रीच्या प्रवासाची. २०१६च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आले. कलबुर्गी आणि सोलापूर दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण आनुवंशिक सल्ल्याचा कायमचा विभाग जिल्ह्याच्या ठिकाणी नसेल तर बाकीच्या योजना कागदावर राहतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

जगात हे जमलेलं आहे. सायप्रसमध्ये थॅलेसेमियाची मुलं इतकी जन्मत होती की उपचारांचा खर्च देशाला पेलेनासा झाला. तिथं लग्नाआधी तपासणी सक्तीची झाली, चर्चनं लग्न लावण्याआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि नवे रुग्ण जवळजवळ थांबले. लग्नं फारशी मोडली नाहीत. जोडप्यांना पर्याय कळले. न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यूंची रीत आपल्याला अधिक जवळची वाटेल, कारण त्यांची लग्नंही ठरवूनच होतात. १९८३ पासून त्यांच्यात तरुण मुलामुलींचं रक्त तपासून प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला जातो. स्थळ बघण्याआधी दोन्हीकडचे क्रमांक कळवायचे. उत्तर येतं, जुळतं किंवा जुळत नाही. कोण वाहक आहे हे गावभर होत नाही, मुलीवर शिक्का बसत नाही. पत्रिका जुळवण्याची सवय असलेल्या समाजाला ही पद्धत उचलायला काहीच अवघड नाही, आणि जात-पंचायती, वधूवर मंडळं मनात आणतील तर उद्या सुरू करू शकतील.

तपासण्यांची साधनंही आवाक्यात येत आहेत. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक ओळखणारी हिमोग्लोबिनची तपासणी काही शे रुपयांत होते. ज्या घरात आजाराचं नेमकं जनुक आधीच सापडलेलं आहे, तिथं गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा किंचित अंश घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या पुढं गर्भजल काढून बाळाची तपासणी करता येते. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यानं आनुवंशिक आजारांच्या तपासणीला परवानगी दिलेली आहे. मुलगा की मुलगी हे मात्र सांगता येत नाही, आणि सांगू नयेच. गर्भात गंभीर दोष असल्यास २०२१च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपुढंही वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं गर्भपात करता येतो. तो करायचा की नाही हे त्या आईबापांनी ठरवायचं. डॉक्टरांनी माहिती द्यायची, हुकूम सोडायचा नाही.

या सगळ्यात एक अट आहे, आणि दुःखाच्या गडबडीत तीच निसटते: घराण्यातल्या आजारी मुलाचं निदान आधी झालेलं असावं लागतं. मूल अत्यवस्थ असताना त्याचं थोडं रक्त डीएनएसाठी जपून ठेवायला सांगितलं पाहिजे. मूल गेल्यावर कोणत्या जनुकात शोधायचं हेच कळत नाही आणि पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांचे हात बांधले जातात. ज्यांच्या घरात असं मूल आहे किंवा होतं, त्यांना माझी विनंती आहे. त्याचे सगळे रिपोर्ट, सोलापूरचे असोत की कलबुर्गीचे, एका पिशवीत ठेवा. आजी हयात आहे तोवर तिच्याजवळ बसून दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहून घ्या, लेकींसह आणि तान्ह्या गेलेल्या बाळांसह. घरात पुढचं लग्न ठरण्याआधी, आणि पुढचं बाळ राहण्याआधी, तो कागद जनुकतज्ज्ञाला दाखवा. दिवस राहिल्यावर गेलात तर हाताशी फार थोडे आठवडे उरतात.